एका ओळीचें मागणें

संगणकाचा अभ्यास करणारें एखादें तरी माणूस हल्लीं बहुतेक सुशिक्षित घरांत असतें. तें दिवसभर काय लिहीत बसतें, हें मात्र घरांतील वडील मंडळींस सहसा उमगत नाहीं. त्या उद्योगांतील एक लहानसें, परंतु फार वापरांत असलेलें साधन या अंकीं घेऊं. पायथन भाषेंत प्रोग्रॅम लिहिणारे लोक दूरच्या संगणकाकडून मजकूर मागविण्यासाठीं तें वापरतात. त्याचें नांव रिक्वेस्ट्स, म्हणजे ‘मागण्या’. केनेथ राइट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमकारानें तें २०११ सालीं प्रसिद्ध केलें.

वेबवरील सारा व्यवहार मागणें आणि उत्तर या दोहोंवर चालतो. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत वेबचा पाया घातला, तेव्हां मागणें खरोखरच एका ओळीचें असे: ‘गेट’ हा शब्द आणि हव्या असलेल्या कागदाचें ठिकाण. पुढें त्या ओळीखालीं आणखी मजकूर येऊं लागला. मागणें कोणत्या सर्व्हरसाठीं आहे, उत्तर कोणत्या स्वरूपांत चालेल, मागणारा प्रोग्रॅम कोणता, इत्यादि. घरांतल्या मुलाला चिठ्ठी देऊन वाण्याकडे पाठवावें, तसाच हा प्रकार आहे. मुलगा सामान घेऊन येतो, नाहीं तर वाण्याचा निरोप घेऊन येतो.

हें काम करणारें साधन पायथनमध्यें आधींही होतें; पण एखाद्या ठिकाणीं नांव आणि परवलीचा शब्द देऊन मजकूर मागवावयाचा, तर केवळ पूर्वतयारीच्याच कित्येक ओळी लिहाव्या लागत. रिक्वेस्ट्समध्यें तेंच काम एका ओळींत होतें. म्हणून त्यास हलकें म्हणतात. हा हलकेपणा वापरणाऱ्याच्या वांट्यास येतो, इतकेंच. पंक्तीस बसलेल्याला वाढलेलें पान दिसतें, स्वयंपाकघरांतली धांवपळ दिसत नाहीं. येथें यूआरएललिब-थ्री नांवाचें दुसरें साधन पडद्याआड राहून जोडण्या सांभाळीत असतें, आणि सर्टिफाय नांवाचें तिसरें, कोणाच्या साक्षीवर विश्वास ठेवावा याची यादी पुरवितें.

ही साक्ष महत्त्वाची आहे. ज्या दुकानीं मुलगा गेला तें खरोखर आपल्याच वाण्याचें कीं त्याच्या नांवाची पाटी लावून बसलेल्या दुसऱ्याच कोणाचें, हें सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरून कळतें. पायथनचें अंगचें साधन २०१४ च्या अखेरीपर्यंत हें प्रमाणपत्र आपण होऊन पडताळीत नसे. रिक्वेस्ट्स त्याच्या आधींपासून पडताळीत आलें आहे. पण पडताळणी बंद करण्याची सोयही त्यांत आहे. प्रमाणपत्रांत कांहीं दोष निघाला कीं शिकाऊ मंडळी ‘व्हेरिफाय’ या शब्दापुढें ‘फॉल्स’ लिहून मोकळी होतात, आणि काम चाललें म्हणून समाधान मानतात. परवलीचे शब्द ज्या वाटेनें जातात तेथें असें करणें म्हणजे राखणदारास रजा देऊन कुलपाची किल्ली ओसरीवर ठेवणें होय.

उत्तराबरोबर एक आंकडा येतो. २०० म्हणजे काम झालें, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तु येथें नाहीं, ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळां दार ठोठावीत आहां, जरा थांबा. रिक्वेस्ट्स हा आंकडा मुकाट्यानें हातीं ठेवतें. ४०४ आला म्हणून तें स्वतः हरकत घेत नाहीं. ‘रेझ-फॉर-स्टेटस’ असें स्पष्ट लिहिलें तरच प्रोग्रॅम तेथें अडतो. तें लिहिलें नाहीं, तर वाण्याची ‘माल नाहीं’ ही चिठ्ठीच कोणी डाळीच्या डब्यांत भरून ठेवावी, तसें होऊं शकतें.

आतां सर्वांत घातक उणीव. मुलाला दुकानीं पाठवितांना ‘इतक्या वेळांत परत ये’ असें आपण बजावतों. रिक्वेस्ट्स आपण होऊन अशी मुदत घालीत नाहीं. पलीकडच्या सर्व्हरनें जोडणी स्वीकारली आणि पुढें तो गप्प बसला, तर प्रोग्रॅमही तसाच थांबून राहतो. समजा, रोज पहांटे पावसाचे आंकडे आणून नोंदविणारा एक प्रोग्रॅम आहे. तो चुकून बंद पडला, तर कोठें तरी दोषाची नोंद होईल आणि कोणी तरी धांवेल. वाट पाहत थिजला, तर तो चालूच दिसतो. तक्रार नाहीं, नोंदही नाहीं. आंकड्यांची वही कोरी आहे हें ज्याला त्या आंकड्यांची गरज पडेल त्यालाच प्रथम कळावयाचें. इलाज अगदीं सोपा आहे. मागण्याच्या त्याच ओळींत ‘टाइमआउट’ लिहून पुढें सेकंदांचा आंकडा घालावयाचा. मात्र ही मुदत सबंध कामाची नसते. जोडणी होण्यास किती वेळ द्यावा, आणि जोडणी झाल्यावर पलीकडून कांहींच न येतां किती वेळ शांतता सोसावी, एवढेंच ती ठरविते. थेंबथेंब उत्तर देणारा सर्व्हर दहा सेकंदांच्या मुदतींतही तासभर खोळंबवूं शकतो. सगळ्या कामाला मर्यादा हवी असेल, तर तिची व्यवस्था वेगळी करावी लागते.

रिक्वेस्ट्सच्या मार्गदर्शक लेखनांतच, प्रत्यक्ष वापरांतील जवळजवळ प्रत्येक मागण्यास मुदत घालावी, असें सांगितलें आहे. मग ती मुळांतच कां घातली नाहीं? आज घातली तर ज्यांचीं मागणीं योग्य कारणानें सावकाश पुरीं होतात, असे जुने प्रोग्रॅम एकाएकीं अडूं लागतील, हें एक कारण उघड दिसतें. एचटीटीपीएक्स या मागाहून आलेल्या साधनाला असें कोणतेंही ओझें नव्हतें. त्यानें पांच सेकंदांची मुदत आपण होऊनच घातली आहे. ज्याला ती नको असेल त्यानें तसें लिहून काढून टाकावी लागते.