हात कापतो म्हणून माणूस पिणारा ठरत नाही

चहाचा कप बशीत खडखडला की आपल्याकडे लगेच कुजबुज सुरू होते, "घेतलेली दिसते." ज्यांच्याबद्दल हे बोलले जाते, त्यांतले कित्येक दारूला शिवतही नाहीत. आम्ही कारकुनी करणारी माणसे. सही जुळत नाही म्हणून पेन्शनच्या खिडकीवरून परत फिरलेले म्हातारे आम्ही पाहिले आहेत.

लिहिताना, घास उचलताना, सुईत दोरा ओवताना हात कापतो आणि मांडीवर ठेवला की थांबतो, असा कंप बहुधा 'इसेन्शियल ट्रेमर' असतो. तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, उलट स्वस्थ ठेवलेला हात जास्त हलतो. थायरॉईडमुळे आणि दम्याच्या काही औषधांनीही हात थरथरतो. म्हणून आधी तपासणी करावी. दारूने इसेन्शियल ट्रेमर थोडा वेळ थांबतो हे खरे आहे. घात तिथेच होतो. औषध म्हणून घरात आलेली बाटली मग घरातून जात नाही.

पहिला उपाय गोळ्यांचा, प्रोप्रानोलॉल किंवा प्रिमिडोन. (दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, प्रोप्रानोलॉल चालत नाही.) गोळ्यांनी भागले नाही तर काही मेंदूविकारतज्ज्ञ बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने सुचवतात. सुरकुत्या घालवणारे 'बोटॉक्स' ते हेच. मुळात हे जंतूने तयार केलेले जहाल विष. पण अगदी सूक्ष्म मात्रेत दिले की मज्जातंतूचा स्नायूला जाणारा निरोप ते अडवते आणि स्नायू सैल पडतो. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते प्रथम तिरळेपणावर वापरले. १९८९ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली.

हाताच्या कंपावरची चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. कंप कमी झाला, पण बोटांत अशक्तपणाही आला. आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे. साहेबाचा कप स्थिर राहिला की काम झाले. पण शिंप्याची, गवंड्याची, भांडी घासणाऱ्या बाईची पकडच ढिली पडली तर रोजी कुठून येणार? स्नायू नीट शोधून, मात्रा माणसागणिक ठरवून सुई दिली तर हा धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. हा अशक्तपणा सहसा कायमचा नसतो. गुणही तसाच ओसरतो, साधारण तीन महिन्यांत, आणि पुन्हा सुई घ्यावी लागते.

म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर आजाराबरोबर आपले कामही सांगावे. या हातांनी आपण दिवसभर काय करतो, ते करून दाखवावे. सुई कोणत्या स्नायूत देणार, पकड किती कमी होईल आणि वर्षाचा खर्च किती, हे स्पष्ट विचारावे.