गुरूची परीक्षा

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंची नात सुटीनिमित्त घरीं आली, ती एक नवीच जबाबदारी घेऊन. पुण्याच्या एका महाविद्यालयांत ती विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गानें तिला आपली प्रतिनिधि निवडलें असून, कोणता विषय कसा शिकविला जातो याविषयीं साऱ्या वर्गाचें मत तिनें अध्यापकांच्या सभेंत मांडावयाचें आहे. पंगतींत ही वार्ता निघतांच आमचे वडील बंधु म्हणाले, "शिष्यानें गुरूची परीक्षा घ्यावयाची! आतां एवढेंच व्हावयाचें राहिलें होतें." मुलगी गप्प बसली. रात्रीं मात्र आमच्यापाशीं येऊन तिनें विचारलें, "आजोबा, एक सर शिकवतात तें निम्म्या वर्गाला कळत नाहीं. हें त्यांच्यासमोर सांगणं म्हणजे उद्धटपणा का?"

प्रश्न सरळ होता. उत्तर देणें मात्र आम्हांस सोपें गेलें नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

ही प्रथा आजकालची आहे हा समज प्रथम सोडला पाहिजे. इटलींतील बोलोन्या येथें कायदा शिकण्यासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्यांनीं मध्ययुगांत आपले संघ स्थापिले. अध्यापकांचा चरितार्थ त्यांच्याच शुल्कावर चाले, म्हणून सत्ताहि त्यांच्याच हातीं गेली. १३१७ सालचे तेथील नियम पाहिले म्हणजे मन थक्क होतें. परवानगीवांचून अध्यापकास एक दिवसहि गैरहजर राहतां येत नसे. पाठ घंटेबरोबर सुरू व्हावा व पुढच्या घंटेस संपावा. ग्रंथाचा एकहि अध्याय गाळूं नये. आणि नेहमींच्या पाठास पांच श्रोतेहि न जमले, तर तो गैरहजरच समजून दंड होई. पुढें नगराकडून वेतन मिळूं लागल्यावर ही सत्ता ओसरली, व तें इष्टच झालें. कारण भयानें शिकविणारा गुरु हा भयानें शिकणाऱ्या शिष्याइतकाच निरुपयोगी.

सत्तेऐवजीं सल्ला, हा मार्ग अधिक शहाणपणाचा. एडिंबरो येथें १८८४ सालीं विद्यार्थ्यांचें प्रतिनिधिमंडळ निघालें, आणि स्कॉटलंडांतील अशा मंडळांस १८८९ च्या कायद्यानें मान्यता मिळाली. ब्रिटनमध्यें शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचें मत २००५ पासून देशभर विचारण्यांत येतें. आपल्याकडेहि १९९४ सालीं स्थापन झालेली, सारे जिला 'नॅक' म्हणतात ती परिषद, महाविद्यालयाचें मूल्यमापन करतांना विद्यार्थ्यांचा अभिप्राय जमेस धरते.

आणि आपल्या परंपरेचें काय? तैत्तिरीय उपनिषदांत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्यास आचार्य सांगतात कीं, आमचें जें आचरण चांगलें असेल तेवढेंच घे, इतर घेऊं नकोस. चांगलें कोणतें हें पारखण्याची बुद्धि शिष्यास आहे, असें मानल्याखेरीज हा उपदेश संभवतच नाहीं. दहा वर्षांनीं कोणती विद्या उपयोगी पडेल हें विद्यार्थ्यास ठरवितां येणार नाहीं, हें आमच्या बंधूंचें म्हणणें रास्त आहे. पथ्य काय हें वैद्यानेंच सांगावें. पण भाकरी कच्ची राहिली हें जेवणारालाच कळतें.

आतां तें कारण. तीसएक वर्षांपूर्वीं आम्ही नववीस संस्कृत शिकवीत होतों. एके दिवशीं तास संपतांना एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही संधि फळ्यावर फार भरभर लिहितां आणि पुसून टाकतां. मागच्या बाकांवर उतरून होत नाहीं." आम्हीं त्यास पुढचा सबंध तास वर्गाबाहेर उभें केलें. त्यानंतर वर्षभर कोणीहि कांहीं बोललें नाहीं, आणि त्या शांततेला आम्ही शिस्त समजलों. सहामाहीनंतर वह्या तपासावयास घेतल्या, तों मागच्या बाकांवरच्या कित्येक वह्यांतून प्रत्येक उदाहरण अर्धेंच होतें. पहिलें पद लिहिलेलें, संधि झालेलें रूप नाहीं. मुलगा खरें बोलला होता. तरीहि त्यास तसें सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

हें सारें आम्हीं नातीस सांगितलें. मग म्हटलें, "उद्धटपणा बोलण्यांत नसतो, बोलण्याच्या रीतींत असतो. स्वतःचें मत वर्गाच्या नांवावर खपवूं नकोस. मागच्या बाकांवरल्यांना आधीं विचार. सर कसे आहेत हें सांगूं नकोस. काय कळत नाहीं तें सांग. जें चांगलें चाललें आहे तेंहि सांग. आणि जें उत्तर मिळेल तें वर्गास परत येऊन कळव, नाहीं तर पुढच्या वेळीं तुला कोणी कांहीं सांगणार नाहीं."

परवां तिचा दूरध्वनि आला. ते सर क्षणभर स्तब्ध राहिले, मग कागद पुढें ओढून त्यांनीं एवढेंच विचारलें, "कोणत्या धड्यापासून कळेनासें झालें?" तो धडा ते पुन्हां घेणार आहेत. वडील बंधूंनीं हें ऐकलें व म्हणाले, "माणूस चांगला दिसतो." एवढ्यानें त्यांचें मत पालटलें असें आम्ही म्हणत नाहीं.

आमचा तो विद्यार्थी आज कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. हें पान कदाचित् त्याच्या घरीं जात असेल. त्यास आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, आमचें लिहिणें भरभर होत होतें. तुझें म्हणणें बरोबर होतें.