दहा हजार पावलं विसरा, आधी मजा शोधा!

जानेवारीत जिमची वर्षभराची फी भरली आणि फेब्रुवारीत बूट कपाटात गेले. अनेक घरांत हे घडतं आणि खापर फुटतं ते आपल्या आळसावर. पण चूक आळसाची कमी आणि पद्धतीची जास्त असेल तर?

प्रश्न किरकोळ नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर महिलांमध्ये ५७ टक्के होतं.

दहा हजारांचा आकडा आला कुठून?

जाहिरातीतून. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलं मोजणारं यंत्र’. तोच आकडा पुढे आपल्या मोबाइलमध्ये शिरला. अमेरिकेतील वयस्कर महिलांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. ७,५०० च्या आसपास पोहोचल्यावर त्यात आणखी फरक पडला नाही. प्रत्येक वयाला हाच हिशेब लागू होईल असं नाही. पण सहा हजारांवर संपलेला दिवस वाया गेला, असं मानायचं कारण नाही.

मग किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो जिममध्येच व्हायला हवा असं नाही. भरभर चालणं, सायकल, नाच, बॅडमिंटन, सगळं चालतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताने पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदं जिंकली. त्याच खेळात शाळेच्या मैदानावर आपण घामाघूम व्हायचो, तेव्हा त्याला कोणी ‘वर्कआउट’ म्हणत नव्हतं.

गोडी लावता येते का?

येते. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना उत्कंठावर्धक कादंबऱ्या फक्त जिममध्येच ऐकायला मिळत होत्या. सुरुवातीला त्यांच्या जिमच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी वाढल्या. पुढे सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. धडा दुहेरी आहे. आवडीची गोष्ट जोडली की पाय निघतो. पण खंड पडल्यावर सुरुवात पुन्हा करावी लागते.

ताटाचं काय?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निम्मं ताट भाज्या आणि फळांचं असावं. ‘डाएट’ म्हटलं की हे शिक्षेसारखं वाटतं. पण भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपण शिक्षा म्हणून खातो का? पावसाळ्यात बाजारात टाकळा, कर्टोली, फोडशी येते. विकणाऱ्या मावशींना ‘ही कशी करायची?’ एवढं विचारलं, की साहस सुरू झालं. रानभाजी मात्र जाणकाराकडूनच घ्या.

सगळं आपल्याच हातात आहे?

नाही. ऑफिस आणि स्वयंपाक या दोन पाळ्या करणाऱ्या बाईला ‘इच्छाशक्ती वाढवा’ असं सांगणं सोपं आहे. तिचा अर्धा तास मोकळा करणं हे घराचं काम आहे. चालण्याजोगा फुटपाथ, दिवे असलेलं मैदान आणि संध्याकाळी उघडी राहणारी बाग देणं हे महापालिकेचं. जागा आणि वेळ असेल तरच मजा येते.

तोवर या रविवारी घड्याळ घरी ठेवा, कपाटातले बूट काढा आणि सोबत कुणाला तरी घ्या. परतताना भाजीबाजारात एक अनोळखी भाजी पिशवीत पडली, तर फेरी सार्थकी लागली.