रिक्षाच्या धुराचे खरे धनी

शहराची हवा बिघडली की पहिले बोट रिक्षावाल्याकडे वळावे, हा सुखवस्तू नागरिकांचा जुना परिपाठ आहे. टू-स्ट्रोक रिक्षा रस्त्यांवर धावत होत्या त्या काळात तर हा आरोप जवळजवळ स्वयंसिद्ध मानला जाई. रिक्षावाला भेसळीचे इंधन वापरतो, पेट्रोलमध्ये वाजवीपेक्षा जास्त ऑइल ओततो, यंत्राची निगा राखत नाही. सबब निळ्या धुराचा धनी तोच, असा हा युक्तिवाद होता. त्यात काहीच तथ्य नव्हते असे नाही. ढाक्याच्या बेबी टॅक्सींचे चालक स्वस्त खनिज तेल, तेही प्रमाणाबाहेर, वापरीत असल्याचे पाहण्यांत आढळले होते. दिल्लीत सुटे टू-टी ऑइल विकण्यास १९९८ च्या अखेरीस बंदी झाली, ती याच कारणाने. परंतु तेलाचा धूर हा डोळ्यांना दिसणारा भाग होता. न दिसणारा, आणि चालकाच्या खिशाला कितीतरी अधिक जाचणारा भाग इंजिनाच्या रचनेतच होता. ती रचना रिक्षावाल्याने केलेली नव्हती.

टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील भोकांवरून दट्ट्या खालीवर सरकतो आणि तीच भोके उघडतो, मिटतो. जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम आत येणाऱ्या ताज्या मिश्रणावर सोपविलेले असते. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट काही काळ एकदमच उघडी राहते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात या ताज्या मिश्रणात पेट्रोल आधीच मिसळलेले असल्याने त्याचा एक हिस्सा न जळताच धुराड्यावाटे निसटतो. हा हिस्सा साधारणपणे एक-तृतीयांशाच्या घरात धरला जातो. गाडी सिग्नलला थांबली, वेग मंदावला, की सिलिंडरमध्ये उरलेला जुना वायू नव्या मिश्रणाला नीट पेटू देत नाही. ठिणगी पडते आणि वाया जाते. म्हणजे चालकाने पंपावर मोजलेल्या दर तीन रुपयांतील सुमारे एक रुपया हवेत जात होता. तीच हवा दिवसभर त्याच्याच फुप्फुसात शिरत होती.

यावर उपाय नव्हता काय? होता, आणि तो तत्त्वतः साधा होता. भोकांतून केवळ स्वच्छ हवा आत घ्यावी आणि बाहेरची वाट मिटत आल्यावर पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये सोडावा. जर्मनीतील गुटब्रोड आणि गोलियाथ या कंपन्यांनी बॉशचा असा फवारा बसविलेल्या टू-स्ट्रोक मोटारी १९५२ च्या सुमारास विकावयास काढल्या होत्या. त्या महाग पडल्या व टिकल्या नाहीत, हे खरे. परंतु पुढे ऑस्ट्रेलियात राल्फ सारिच यांच्या ऑर्बिटल कंपनीने दाबाखालील हवेच्या साह्याने पेट्रोलचे सूक्ष्म तुषार करणारी पद्धत सिद्ध केली. ओनिशी प्रभृती जपानी संशोधकांनी १९७९ मध्येच दाखविले होते की ज्या उरल्यासुरल्या तप्त वायूमुळे मंद वेगात ज्वलन बिघडते, त्याच वायूच्या उष्णतेने मिश्रण आपोआप व समप्रमाणात पेटविता येते. दोषालाच गुण करण्याची ही विद्या होंडाने १९९५ च्या ग्रॅनाडा-डाकार शर्यतीच्या वाळवंटात पारखून घेतली.

ही विद्या प्रथम कोणाच्या कामी आली, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील ताहो सरोवरावर जून १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक नौकांना मनाई झाली. थेट फवाऱ्याच्या टू-स्ट्रोकला मात्र मुभा राहिली. नियमाने नेमका दोषावर बोट ठेवले आणि नौका बांधणारांनी यंत्र सुधारले. २००० साली इटलीच्या एप्रिलियाने ५० सीसीच्या स्कूटरवर ऑर्बिटलचा फवारा बसविला. रिक्षाचे इंजिन याच्या जवळजवळ तिप्पट! तेव्हा 'एवढ्या लहान इंजिनात हे बसत नाही' हा बहाणा त्या वर्षापुरता तरी संपावयास हवा होता.

आपल्याकडे काय झाले? परवानाराजच्या काळात स्कूटरसाठी ग्राहक नाव नोंदवून वर्षानुवर्षे रांगेत उभा होता. जो माल तयार होण्यापूर्वीच खपलेला असतो, तो सुधारण्याची निकड कारखानदाराला कोठून वाटणार? वाया जाणाऱ्या पेट्रोलचे बिल त्याच्या हिशेबवहीत कधी येतच नव्हते. पुढे २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १९९० पूर्वीच्या रिक्षा व टॅक्सी ३१ मार्च २००० पर्यंत मोडीत काढून त्यांच्या जागी स्वच्छ इंधनाची नवी वाहने आणण्याचा आदेश दिला. रिक्षांच्या एकूण संख्येवर त्याआधीच बंधन आले होते. परिणामी परवान्याची काळ्या बाजारातील किंमत वाहनाच्या किमतीला मागे टाकू लागली आणि चालक सावकाराच्या दावणीला बांधला गेला. ढाक्यात २००३ उजाडताच बेबी टॅक्सी बंद झाल्या. हवा सुधारली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ज्यांनी ते इंजिन बनवून विकले त्यांच्याकडून एका पैशाची भरपाई मागण्याचे कोणाला सुचले नाही. उलट, जुने मोडीत निघाले म्हणून त्यांना नव्या वाहनांची बाजारपेठ आयती मिळाली.

'जुन्या इंजिनाला नवा फवारा जोडणे व्यवहार्य नव्हते' असे म्हणणारांनी फिलिपिन्सकडे पाहावे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या एन्व्हायरोफिट या ना-नफा संस्थेने व्हिगान व प्युएर्तो प्रिन्सेसा येथील ट्रायसिकलच्या चालत्या टू-स्ट्रोक इंजिनांवर थेट फवाऱ्याचे संच बसविले. संस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार न जळालेले हायड्रोकार्बन ८९ टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ७६ टक्क्यांनी आणि इंधनाचा खर्च सुमारे ३५ टक्क्यांनी घटला. संचासाठी चालकांना लहान कर्जे दिली गेली. वाचलेल्या पेट्रोलातून हप्ते फेडावयाचे, असा तो हिशेब होता.

या हिशेबाला एक अट आहे, आणि तांत्रिक चर्चेत ती नेहमी गाळली जाते. वाहन चालकाच्या मालकीचे हवे. जेथे मालक एक, चालक दुसरा आणि रोजचे भाडे ठरलेले, तेथे संचाचा खर्च मालकाचा व बचत चालकाची. मग मालकाने खिशात हात का घालावा? इंजिनातील ज्वलनाचा प्रश्न अशा रीतीने मालकीच्या प्रश्नापाशी येऊन अडतो. पुण्याच्या बजाज ऑटोने ऑर्बिटलच्याच तंत्राची थेट फवाऱ्याची टू-स्ट्रोक रिक्षा २००७ च्या सुमारास बाजारात आणली. विद्या हाताशी होती, याचा याहून मोठा कबुलीजबाब कोणता? ती आली तेव्हा हजारो चालकांची जुनी वाहने गेलेली होती.

टू-स्ट्रोक रिक्षा आता इतिहासजमा झाल्यासारखी आहे, मग हे उकरून काढण्यात काय हशील, असे कोणी विचारील. त्याने हापूसच्या एखाद्या बागेत जाऊन गवत कापणाऱ्या मजुराकडे पाहावे, किंवा पाठीवर पेट्रोलचा पंप बांधून कापसावर औषध फवारणाऱ्या शेतमजुराकडे. तेथे हेच इंजिन आजही चालू आहे, आणि त्याचे धुराडे माणसाच्या पाठीपासून हातभर अंतरावर आहे. अशा लहान यंत्रांत आधी कोऱ्या हवेचा थर आत सोडून मागाहून मिश्रण घेण्याची युक्ती परदेशी कंपन्या गेली पंचवीसेक वर्षे वापरीत आहेत. तिला ना पंप लागतो, ना इलेक्ट्रॉनिक मेंदू. अनुदानावर पंप वाटणाऱ्या कृषिखात्याने निविदेत तेवढी एक अट घालावयाची आहे. यंत्राची किंमत त्याने थोडी वाढेल. ती मजुराने रोजंदारीतून भरावी की अनुदानातून भरली जावी, हे ठरविणे त्या खात्याच्या हाती आहे.