कांदळवनांची अपुरी मोजदाद

जे तोलले जाते त्यालाच भाव मिळतो, हा बाजाराचा जुना नियम. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ साली वसविल्या गेलेल्या शाहूपुरीला तो कोणी शिकवावयास नको. कोकणातील खाड्यांच्या काठी उभ्या असलेल्या कांदळवनांचा सरकारी हिशेबही याच नियमाने चालतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदलेले आहे. क्षेत्र मोजले गेले. त्या झाडांवर जगणारे आणि त्या झाडांना जगविणारे कीटक मात्र या हिशेबात कोठेही नाहीत.

तिवराचे उदाहरण घ्यावे. त्याच्या बारीक पिवळसर फुलात पुंकेसर आधी पक्व होतात, स्त्रीकेसर मागाहून. मधमाश्या व इतर कीटकांची या फुलावरून त्या फुलावर ये-जा झाली, तरच पुरेशी फळे धरतात. खाडीच्या चिखलातील कीटकांच्या अळ्यांवर मासळीची पिले पोसतात. पुढे हीच मासळी घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात येते. म्हणजे हा प्रश्न केवळ किनाऱ्यावरच्यांचा नव्हे.

सागाची पाने फस्त करणारी अळी मुंबई-ठाण्याच्या खाडीतील तिवरांवरही अधूनमधून पडते. निष्पर्ण झाडे पाहून फवारणी करावी, असे कोणालाही वाटेल. परंतु तिवरांना पुन्हा पालवी फुटते आणि अळ्यांवर पक्ष्यांचे पोट भरते. विष मात्र अळी आणि मधमाशी असा भेद करीत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीस मनाई केली. २०१२ मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापिला. २०१८ च्या निकालाने हा प्रश्न नागरिकांच्या जगण्याच्या हक्काशी जोडला. ही पावले निःसंशय स्वागतार्ह आहेत. पण कुऱ्हाड थांबली म्हणजे वन वाचले, असे होत नाही. रस्ते व पूल हवेत, हेही मान्य. तथापि त्यांच्यासाठी तोडलेल्या वनाच्या बदल्यात अन्यत्र रोपे लावली, की कागदावरची बेरीज जुळते. जुन्या वनातील कीटकसृष्टी रोपांबरोबर लावता येत नाही.

म्हणून किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या साहाय्याने शासनाने कांदळवनांतील कीटकांची ऋतुवार नोंद ठेवावी व ती दरवर्षी प्रसिद्ध करावी. लागवडीचे यशही लावलेल्या रोपांच्या संख्येवरून न ठरविता, त्या झाडांना फळे धरली की नाही यावरून ठरवावे. ज्या जमाखर्चात जमेची मोठी बाजूच लिहिलेली नाही, त्यावर विसंबून विक्रीचा सौदा करणे कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याला मानवणार नाही. शासनाने तरी तो का करावा?