विश्लेषण : गिझर नेमका किती अंशांवर ठेवावा? कंधारच्या घरातील गॅस, वीज आणि पाण्याचे गणित काय सांगते?

एसीचे तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस याच मर्यादेत ठेवण्याचा नियम आणण्याचा विचार केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये बोलून दाखवला आणि समाजमाध्यमांवर आठवडाभर तोच विषय गाजला. पण नांदेड जिल्ह्यातील कंधारसारख्या तालुक्याच्या गावात एसी असलेली घरे मोजकीच. इथे तापमानाचा प्रश्न येतो तो हिवाळ्यात, पहाटे, न्हाणीघरात. कुणाकडे चुलीवर पऱ्हाट्या-तुराट्या जळतात, कुणाकडे बंब, कुणाकडे विजेचा रॉड; आणि गेल्या काही वर्षांत अनेक घरांच्या भिंतीवर गॅस किंवा विजेचा गिझर आला आहे. त्याचे बटण किती अंशांवर ठेवायचे, हे मात्र बसवून देणाऱ्याने सांगितले तेवढेच. या बटणावर खरोखर किती पैसे अवलंबून असतात आणि धोका नेमका कुठे आहे, याचा हा आढावा.

एका बादलीला किती ऊर्जा लागते?

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळी २० अंशांवर असेल आणि २० लिटरची बादली ४० अंशांवर हवी असेल, तर ४०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका बादलीला जवळपास अर्धे युनिट. चार माणसांच्या घरात दिवसाला दोन, महिन्याला ६० युनिट.

गॅसचे गणितही असेच. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड लाख किलोकॅलरी असतात. गिझरने त्यातली ८० टक्के उष्णता पाण्याला दिली, तर एका सिलिंडरमध्ये ३०० च्या आसपास बादल्या निघतात. सिलिंडर ८८० रुपयांचा धरला तर बादली पडते साधारण ३ रुपयांना. तेच पाणी स्वयंपाकाच्या शेगडीवर पातेल्यात तापवले तर बरीच उष्णता पातेल्याच्या कडेने निघून जाते, त्यामुळे खर्च वाढतो.

गॅस स्वस्त की वीज?

याचे उत्तर घराच्या वीजबिलावर अवलंबून आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर दुसरा टप्पा सुरू होतो आणि त्यातला दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट असतो. सर्व आकार धरून पहिल्या टप्प्यात युनिट ६ रुपये आणि दुसऱ्यात ११ रुपये मानले, तर बादली एका ठिकाणी ३ रुपयांना आणि दुसऱ्या ठिकाणी साडेपाच रुपयांना पडते.

खरी मेख इथेच आहे. समजा एखाद्या घरात पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज मिळून महिन्याला ७५ युनिट जळतात. त्यात गिझरचे ६० मिळवले की आकडा १३५ वर जातो. या ६० पैकी २५ युनिट स्वस्त दरात बसतात आणि ३५ महाग दरात जातात. गिझरचा महिन्याचा खर्च होतो ५३५ रुपये. त्याच १२० बादल्या गॅसवर ३५० रुपयांच्या आसपास निघतात. ज्या घराचा एकूण वापर गिझर धरूनही १०० युनिटांच्या आत राहतो, तिथे मात्र वीज आणि गॅस यांत फारसा फरक उरत नाही. स्वतःच्या बिलावरचा दर घालून हे गणित कुणालाही करता येते.

उज्ज्वला योजनेच्या घरांसाठी आणखी एक बाब आहे. २०२५-२६ या वर्षासाठी केंद्र सरकारने वर्षाला ९ सिलिंडरपर्यंतच प्रत्येकी ३०० रुपयांचे अनुदान मंजूर केले आहे. हिवाळ्याच्या चार महिन्यांत चार माणसांच्या आंघोळीला दीडेक सिलिंडर लागतो. तो या नवातून गेला, की वर्षअखेरीस स्वयंपाकाचा सिलिंडर पूर्ण दराने घ्यावा लागू शकतो.

गिझरचे तापमान कमी केले की बचत होते का?

होते, पण समजली जाते तिथे नाही. टाकीच्या विजेच्या गिझरमध्ये पाणी ६० अंशांवर असेल तर १० लिटर गरम आणि १० लिटर गार मिळून ४० अंशांची बादली तयार होते. बटण ५० वर असेल तर १३ लिटरहून थोडे जास्त गरम पाणी घ्यावे लागते आणि गार तेवढे कमी. दोन्ही वेळी बादलीत गेलेली उष्णता ४०० किलोकॅलरीच. म्हणजे वापरलेल्या बादलीमागे बटणाने काही वाचत नाही.

वाचते ते न वापरलेल्या पाण्यात. टाकी जितकी गरम, तितकी ती भिंतीतून उष्णता सोडते. न्हाणीघर २० अंशांवर असताना टाकी ६५ वर असेल तर फरक ४५ अंशांचा, ५० वर असेल तर ३० अंशांचा. वाया जाणारी उष्णता एक तृतीयांशाने घटते. दिवसभर गिझर चालू ठेवला तर टाकीच्या दर्जाप्रमाणे साधारण पाव ते पाऊण युनिट असे नुसतेच जाते. स्टार लेबलवर हा आकडा छापलेला असतो. गिझर घेताना तो वाचायला हवा.

याहून मोठी गळती शेवटच्या आंघोळीनंतर होते. शेवटच्या माणसाने बादली भरून घेतली, की टाकीत गार पाणी शिरते आणि गिझर ते पुन्हा तापवू लागतो. १५ लिटरची टाकी २० वरून ६५ अंशांवर नेण्यात पाऊण युनिटाहून अधिक वीज जाते, आणि ते पाणी संध्याकाळपर्यंत कोमट होऊन बसते. शेवटची बादली भरायच्या आधीच बटण बंद केले, तर महिन्याला २० युनिटांपर्यंतचा हा खर्च टळू शकतो.

मग तापमानाचा काहीच संबंध नाही?

आहे, पण तो बादलीतल्या पाण्याच्या तापमानाचा. २० लिटर पाणी ४२ ऐवजी ४० अंशांवर घेतले तर ४० किलोकॅलरी वाचतात, म्हणजे बादलीमागे ९ टक्के. ४५ अंशांचे चटके देणारे पाणी घेणारा माणूस ४० अंशांवाल्यापेक्षा सव्वा पट ऊर्जा खर्च करतो.

दुसरा संबंध पाणी कुठून घेतले याचा. बोअरच्या पाण्याचे तापमान ऋतूप्रमाणे फारसे बदलत नाही. मराठवाड्यात ते हिवाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असते, म्हणूनच थंडीत बोअरचे पाणी कोमट लागते. तेच पाणी रात्रभर गच्चीवरच्या उघड्या टाकीत राहिले की गार पडते. थंडीच्या लाटेत टाकीतले पाणी १५ अंशांवर गेले, तर बादलीला ५०० किलोकॅलरी लागतात. बोअरचे ताजे २५ अंशांचे पाणी घेतले तर ३००. शक्य तिथे सकाळी मोटर चालवून ताजे पाणी घेण्याने गिझरच्या कुठल्याही बटणापेक्षा जास्त बचत होते. नळयोजनेवर असलेल्या घरांना टाकी झाकणे आणि गिझरकडे जाणारा पाइप आखूड ठेवणे एवढे करता येते.

गॅस गिझरची दोन बटणे कशी ठेवावीत?

बहुतेक गॅस गिझरवर अंशांचा आकडा नसतो. एक बटण आचेचे, दुसरे पाण्याच्या धारेचे. आच मोठी आणि धार बारीक ठेवली की कढत पाणी येते आणि मग त्यात गार पाणी ओतावे लागते. उलट करावे. आधी आच मंद, धार पूर्ण, आणि मग अंगावर घेता येईल असे पाणी थेट बादलीत येईपर्यंत आच थोडी थोडी वाढवावी. विसाण लागणार नाही ती आच योग्य. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ही जागा पुन्हा बदलावी लागते, कारण येणारे पाणीच कमी गार असते.

यामागे दुसरे कारण पाण्याच्या जडपणाचे आहे. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो. अशा पाण्यातला चुना तापमान ६० च्या पुढे गेले की वेगाने पांढऱ्या थराच्या रूपात बसतो. तो विजेच्या गिझरमधील कॉइलवर आणि गॅस गिझरच्या तांब्याच्या नळीत साचतो, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि तेवढ्याच पाण्याला जास्त गॅस लागतो. जड पाण्याच्या घरात विजेचा गिझर ५० अंशांच्या आसपास ठेवण्याचे खरे कारण हेच. रॉडवर साचलेला पांढरा थर ज्यांनी खरवडला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

परदेशातील ‘६० अंशां’चा सल्ला इथे लागू होतो का?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकडून किंवा रील्समधून ‘बॉयलर ६० वर आणा, पैसे वाचवा’ हा सल्ला इकडे येतो. तो तिथे बरोबर आहे. तिथल्या गॅस बॉयलरचे पाणी घरभर फिरून रेडिएटरमधून खोल्या तापवते. परत येणारे पाणी पुरेसे गार असेल तरच नव्या प्रकारचे बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णताही वापरतात. युक्रेन युद्धानंतर गॅस महागल्यावर ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये हे तापमान ७५ वरून ६० अंशांवर आणण्याचे आवाहन केले, ते यासाठी.

गरम पाण्याच्या मोठ्या टाक्यांचा नियम वेगळा. कोमट पाणी साठून राहिले तर त्यात लीजनेला हा न्यूमोनियाला कारणीभूत ठरणारा जिवाणू वाढू शकतो, म्हणून साठवणीचे पाणी ६० अंशांवर ठेवण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते. रोज रिकाम्या होणाऱ्या १५ लिटरच्या टाकीत हा धोका कमी. पण सोलरची १००-२०० लिटरची टाकी किंवा बरेच दिवस बंद असलेला गिझर असेल, तर पाणी एकदा ६० अंशांपर्यंत नेऊन मग वापरावे. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मुले वा वृद्ध असतील तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी तापवावे का?

स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत महावितरणने जुलै २०२५ पासून जाहीर केली. अर्ध्या युनिटाच्या बादलीवर ती ४० पैसे होते. दुपारी साडेचारला पाणी तापवून दुसऱ्या दिवशी सकाळी वापरले, तर रात्रभरात टाकी सोडून देते ती उष्णता या ४० पैशांहून महाग पडते. सवलतीचा लाभ आहे तो ९ नंतर आंघोळ करणाऱ्यांना. दुपारच्या उन्हाचा खरा उपयोग छतावरच्या सोलर वॉटर हीटरला होतो; मराठवाड्यात हिवाळ्यात आकाश बहुतेक निरभ्र असते आणि तिथे इंधनाचा खर्च शून्य असतो. अडचण आहे ती सुरुवातीच्या खर्चाची आणि जड पाण्याने नळ्या चोंदण्याची.

सर्वांत मोठा धोका कोणता?

बिलाचा नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडचा. गॅस जळायला हवा लागते. बंद न्हाणीघरात प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि रंग नाही, वास नाही असा हा विषारी वायू तयार होतो. डोके जड होते, गरगरते, माणूस दाराची कडी काढण्याआधीच कोसळतो. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास मुंबईतील घाटकोपरमध्ये एक दाम्पत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हा संशय गॅस गिझरवरच होता. थंडीत धोका वाढतो, कारण वारा येऊ नये म्हणून खिडकीला पोते किंवा पुठ्ठा लावला जातो.

इथे बादलीने आंघोळ करण्याची सवय उपयोगी पडते. मिनिटाला पाच-सहा लिटर देणारा गिझर २० लिटरची बादली चार मिनिटांत भरतो. दार उघडे ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच आत जायचे. त्याहून बरे म्हणजे गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या भिंतीवर लावून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणणे. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली, तर तो गिझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. आत गेलेला माणूस हाक मारूनही ओ देत नसेल, तर दार तोडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा.