पातळी निवडण्याचे शहाणपण

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'आजच्या मुलांविषयी काही लिहा' एवढेच सुचविले होते. आजच्या मुलांविषयी लिहायचे तर त्यांच्या हातातील खेळांविषयी लिहिणे ओघानेच आले, आणि त्या विषयावर आपल्याकडे बहुधा एकच वाक्य ऐकू येते : 'या गेमांनी मुले बिघडली.' ही तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु कुस्तीच्या एका व्हिडिओ गेमने गेल्या दिवाळीत मला जे दाखविले, ते शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घेण्याजोगे आहे, असे माझे मत झाले आहे.

माझा भाचा नववीत शिकतो. सुट्टीत तो माझ्याकडे राहावयास आला तेव्हा 'डब्ल्यूडब्ल्यूई २के२२' हा २०२२ साली बाजारात आलेला खेळ सोबत घेऊन आला. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीवर तो बेतलेला आहे. त्या कुस्तीतील जय-पराजय आधीच ठरलेले असतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी, की खेळात मात्र निकाल आधी ठरलेला नसतो. तो खेळणाऱ्याच्या नजरेवर आणि बोटांवर अवलंबून असतो.

सामन्यापूर्वी प्रतिस्पर्धी किती कठीण असावा हे ठरविता येते. त्यासाठी चार पातळ्या आहेत : ईझी, नॉर्मल, हार्ड आणि लेजंड. पातळी बदलली म्हणून आपला मल्ल दुबळा होत नाही, त्याचे डावही तेच राहतात. बदलतो तो समोरचा. ईझीवर तो जणू मार खाण्यासाठीच उभा असतो. लेजंडवर आपण पकड घेतली रे घेतली, की तो ती उलटवितो आणि आपल्या प्रत्येक चुकीची किंमत वसूल करतो. आपल्या तालमीच्या भाषेत सांगायचे, तर डावाला प्रतिडाव किती वेळा मिळणार, हा या पातळ्यांमधील मुख्य फरक आहे.

भाचा वर्षभर ईझीवर खेळत होता आणि एकही कुस्ती हरत नव्हता. दिवाळीत शेजारचा एक मुलगा आला, त्याने पडद्यावर पाहिले आणि तो हसला : 'अजून ईझीवरच?' झाले! भाच्याने त्याच क्षणी लेजंड निवडले. त्या संध्याकाळी तो एकामागून एक सगळे सामने हरला. शेवटी हातातील कंट्रोलर गादीवर फेकून तो म्हणाला, 'मामा, मला नाही जमत हे.'

ते वाक्य ऐकून मी चपापलो. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी खेळाचेच पाहू.

भाच्याच्या दोन्ही निवडी चुकीच्या होत्या, आणि दोन्हींमागचे कारण एकच होते. पातळी म्हणजे प्रतिष्ठा, असे त्याने मानले. ईझीवर त्याने हरण्याची भीती टाळली, लेजंडवर हसे होण्याची भीती टाळली. 'माझे कौशल्य आज कोठे आहे आणि ते कशाने वाढेल?' हा प्रश्न त्याने दोन्ही वेळा विचारलाच नाही. ईझीवर प्रतिडाव शिकण्याची गरज पडत नाही, कारण समोरचा फारसे डाव टाकतच नाही. लेजंडवर ते शिकण्याची उसंत मिळत नाही. सतत जिंकणारा आणि सतत हरणारा, दोघेही जागच्या जागीच राहतात.

मग योग्य पातळी कोणती? माझ्या मते, जेथे आपण काही सामने जिंकतो, काही हरतो, आणि हरल्यावर 'का हरलो' हे सांगू शकतो, ती. 'माझे बटण उशिरा दाबले गेले', 'मी सारखा तोच डाव टाकत होतो', असे कारण सांगता आले तर पातळी योग्य आहे. 'काय झाले ते कळलेच नाही' असे उत्तर आले, तर एक पायरी उतरावी. त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी नॉर्मलपासून सुरुवात केली. एकच मल्ल निवडावयाचा आणि त्याचे डाव अंगवळणी पडेपर्यंत तो बदलावयाचा नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की जय-पराजय मोजावयाचे नाहीत. एका सामन्यात किती प्रतिडाव साधले, तेवढेच वहीत लिहावयाचे. प्रतिडावाची वेळ आली की मल्लाच्या डोक्यावर क्षणभर बटणाची खूण उमटते. भाचा त्या खुणेची वाट पाहत बसे, म्हणून त्याचे बोट नेहमी उशिरा पडे. खुणेकडे न पाहता समोरच्या मल्लाच्या खांद्याकडे आणि हाताकडे पाहावयास मी सांगितले. कारण डाव येण्यापूर्वी शरीर हलते. या खेळात प्रतिस्पर्ध्याची सलग माऱ्याची मालिका तोडण्याचीही एक युक्ती आहे. त्याचा पुढचा घाव हलका असेल, जोरकस असेल की पकड असेल, हे ओळखून आपणही त्याच प्रकारचे बटण दाबले, तर मालिका तुटते. म्हणजे येथे वेगाइतकेच समोरच्याला ओळखणेही महत्त्वाचे आहे.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडली. चार पातळ्यांखेरीज या खेळात लहान लहान सरकपट्ट्या आहेत. प्रतिस्पर्धी उभ्याने केलेले प्रहार किती वेळा उलटवील, पकडी किती वेळा उलटवील, हे स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येते. भाचा प्रहारांत बरा होता, पकडींत कच्चा. म्हणून हार्डवर जाताना आम्ही पकडींची तेवढी पट्टी खाली घेतली आणि दर दोन दिवसांनी थोडी थोडी वर सरकविली. सर्वच बाबतींत मूल एकाच इयत्तेत नसते, हे प्रगतिपुस्तकाला कळत नाही; या पट्टीला मात्र ते कळते.

याच मालिकेतील २०१५ साली आलेल्या '२के१६' या खेळात तर प्रतिडावांची संख्याच मर्यादित करण्यात आली होती. प्रत्येक घाव उलटविता येणार नाही. कोणता सोसावयाचा आणि कोणता अडवावयाचा, हे ठरवावे लागे. कौशल्याची ही पुढची पायरी होय.

आपल्या मातीतील कुस्तीला यात नवल वाटणार नाही. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी तालमीतील सर्वांत तगड्या मल्लासमोर उभे करीत नाही, आणि कायम लिंबूटिंबूंतही ठेवीत नाही. त्याला पेलेल, पण घाम काढील, अशी जोड तो शोधतो. जोड लावणे ही वस्तादाची विद्या आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा मातीवर वाढलेल्या त्या मल्लासाठी मॅट नवी होती. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. लंडनमध्ये 'मला जमत नाही' असा निष्कर्ष त्यांनी काढला असता तर? मॅट नवी आहे आणि ती शिकता येते, हा निष्कर्ष निराळा आणि तोच खरा होता.

आता त्या वाक्याविषयी. आमच्या तुकडीतील सर्वांत हुशार मुलगा वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत असे. गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दहावीनंतर तो शहरातील एका तंत्रनिकेतनात गेला. तेथे सर्व शिक्षण इंग्रजीतून, राहावयास अनोळखी खोली, आणि घरात त्याच्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. दिवाळीला तो गावी आला आणि परत गेलाच नाही. मी भेटावयास गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, 'मला नाही जमत ते.' मीही त्याच वयाचा. मी गप्प राहिलो. आज तो कष्टाने, मानाने संसार करतो. परंतु गणिताचे पुस्तक त्याने पुन्हा उघडले नाही. त्याची बुद्धी एका उन्हाळ्यात आटली नव्हती. एका रात्रीत त्याची पातळी बदलली गेली होती. ती त्याने निवडली नव्हती, आणि ती बदलली आहे हे त्याला सांगणारे तेथे कोणी नव्हते. म्हणून त्याने दोष स्वतःच्या पदरात घेतला.

खेळ आणि जीवन यांतील मोठा फरक येथेच आहे. जगात पातळी निवडण्याचा पडदा आपल्यासमोर येत नाही, सरकपट्टी खाली घेता येत नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकलेले आईवडील आहेत, त्याच्यासाठी ती पट्टी जन्मतःच खाली घेतलेली असते. आपल्या शाळेतील बहुतेक मुलांसाठी ती वर असते. ती थोडी खाली आणणे आपल्यासारख्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. दहावीची परीक्षा आणि पुढील प्रवेश यांमधील सुट्टीत शाळेतच एक महिन्याचा वर्ग चालवावा. त्यात नवा अभ्यासक्रम शिकविण्याची घाई नको. गणित आणि विज्ञानातील जे मुलांना मराठीतून येते, तेच इंग्रजी शब्दांत ओळखावयास शिकवावे. एका वेळी एकच पट्टी वर सरकवावी. आणि पहिल्या सत्रात प्रत्येक मुलामागे एका माजी विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा तरी फोन करावा. विषय राहिला, तर त्याला एवढेच विचारावे : 'का राहिला, सांगता येईल का?' मग जेथून सांगता येईल, तेथून पुन्हा सुरुवात करून द्यावी.

पालकांनाही एक विनंती. मूल सोपे निवडते म्हणून त्याला हसू नका, आणि शेजाऱ्याच्या मुलाने घेतले म्हणून त्याला अवघडात ढकलू नका. ते कोठे हरते आणि हरल्यावर काय म्हणते, एवढे ऐका.

भाचा सुट्टी संपवून गेला तेव्हा हार्डवर निम्मे सामने जिंकत होता. लेजंडवर गेलास का, असे परवा फोनवर विचारले. तो म्हणाला, 'नाही मामा, अजून पकडींची पट्टी पूर्ण वर नेलेली नाही.' मला त्या उत्तराने फार समाधान वाटले. माझ्या शेजारच्या खाटेवरील मित्राला वेळीच असे कोणी भेटले असते, तर त्यालाही हेच उत्तर देता आले असते.